एक जीवनसत्त्व कमी पडलं की दुसऱ्याचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपण लाल अक्षरातला किंवा ठळक छापलेला आकडा शोधतो आणि तेवढ्यापुरती गोळी आणतो. शरीरात मात्र जीवनसत्त्वं एकमेकांच्या आधाराने काम करतात. एकाची उणीव दुसऱ्याचं काम थांबवते, कधी ती झाकून ठेवते, तर कधी दुसऱ्याची गोळीच नुकसान करून जाते. आपल्याकडे यातली सगळ्यात महत्त्वाची जोडी बी१२ आणि फॉलेटची आहे, म्हणून या पानावर तिला जास्त जागा दिली आहे.

एका जीवनसत्त्वाचा दुसऱ्याशी संबंध येतोच कसा?

बहुतेक जीवनसत्त्वं आपण खातो त्या रूपात उपयोगी नसतात. यकृतात, आतड्यात किंवा मूत्रपिंडात त्यांचं रूप बदलावं लागतं. हा बदल घडवणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) दुसरं एखादं जीवनसत्त्व किंवा खनिज लागतं. ते नसेल तर पहिलं पोटात जाऊनही निरुपयोगी राहतं. शोषण, साठवण आणि साठ्यातून बाहेर काढणं या टप्प्यांवरही अशीच अडवणूक होऊ शकते.

आणखी एक साधं कारण आहे. माणूस सहसा एकाच जीवनसत्त्वाला मुकत नाही. ज्याच्या ताटात दूध, भाजी, डाळ, फळ यातलं फारसं काही नसतं, त्याच्या शरीरात चार-पाच गोष्टी एकदम कमी असतात. रिपोर्टमध्ये एकच दिसते, कारण तेवढीच तपासलेली असते.

बी१२ आणि फॉलिक ॲसिडचं नेमकं नातं काय?

फॉलेट हे पालेभाज्या आणि कडधान्यांतून मिळणारं बी गटातलं जीवनसत्त्व. त्याचं कृत्रिम, गोळीतलं रूप म्हणजे फॉलिक ॲसिड. नवी पेशी तयार होताना डीएनएची नक्कल करायला फॉलेट लागतं. रक्तपेशी अस्थिमज्जेत सतत तयार होत असतात, त्यामुळे कमतरतेचा फटका तिथे लवकर दिसतो.

रक्तात फिरणारं फॉलेट मिथाइल गट, म्हणजे एक छोटा रासायनिक तुकडा, अंगावर घेऊन असतं. पेशीत गेल्यावर तो गट उतरवल्याशिवाय त्याला पुढचं काम करता येत नाही. हा गट उतरवून घेतं बी१२, आणि त्यातूनच होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचं मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल होतं. बी१२ नसेल तर फॉलेट त्याच रूपात अडकून पडतं. एसटीच्या आगारात गाड्या रांगेने उभ्या आहेत, पण ड्रायव्हरच आलेले नाहीत, अशी ही अवस्था असते. गाड्या मोजल्या तर भरपूर, फलाटावर मात्र एकही लागत नाही. म्हणून बी१२ कमी असलेल्या माणसाच्या रक्तात फॉलेटचा आकडा चांगला, कधी कधी वरच्या अंगालाही दिसतो, आणि पेशी मात्र फॉलेटवाचून उपाशी असतात.

त्यामुळे कमतरता बी१२ची असो की फॉलेटची, रक्तात चित्र सारखंच दिसतं: लाल पेशी संख्येने कमी, आकाराने मोठ्या आणि अपरिपक्व.

फॉलिक ॲसिडच्या गोळीने हिमोग्लोबिन वाढलं. मग अडचण काय?

अडचण मज्जातंतूंची आहे. बी१२चं दुसरंही एक काम आहे, आणि त्यात फॉलेटचा काही संबंध नाही. ते काम अडलं की मिथाइलमेलॉनिक ॲसिड साचतं. बी१२वाचून मज्जातंतूंवरचं आवरण झिजू लागतं. बाहेरून फॉलिक ॲसिड भरपूर दिलं तर रक्तपेशी पुन्हा नीट बनू लागतात, कारण गोळीतलं फॉलिक ॲसिड अडकलेल्या वाटेला वळसा घालून वापरात येतं. रिपोर्ट सुधारतो, थकवा थोडा कमी होतो आणि सगळे निर्धास्त होतात. नसांची झीज मात्र चालूच राहते.

हे १९४०च्या दशकात डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिलं. फॉलिक ॲसिड नुकतंच प्रयोगशाळेत बनवता येऊ लागलं होतं. पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णांना, म्हणजे ज्यांच्या जठरात बी१२ शोषायला लागणारा घटकच तयार होत नाही अशांना, ते दिलं गेलं. रक्त सुधारलं, पण काही जणांचे हात-पाय बधिर होत गेले, चाल बिघडली. बी१२ वेगळं काढण्यात यश आलं ते १९४८ साली, आणि तेव्हा कुठे या रुग्णांना हवा असलेला नेमका घटक हाती आला. फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांना रोजची १ मिलिग्रॅमची वरची मर्यादा घालण्यामागे मुख्यतः हाच धोका आहे.

म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे: बी१२ न तपासता महिनोन्‌महिने नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहू नका. पावलांना मुंग्या येणं, चप्पल पायातून निसटली तरी पटकन न कळणं, अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटल्यावर तोल जाणं, ही लक्षणं हिमोग्लोबिन उत्तम असतानाही बी१२च्या कमतरतेने येऊ शकतात. उपचाराला उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्णपणे भरून येत नाही.

फॉलेटच्या शोधाचा मुंबईशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो आपल्याला माहीत असायला हवा. लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या तीव्र पांडुरोगाचं (ॲनिमियाचं) कारण त्यांना शोधायचं होतं. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचं संशोधन चाललं. या बायका काय खातात, कशा राहतात हे त्यांनी बारकाईने पाहिलं. ज्यांच्या जेवणात भाजी, फळ, दूध जवळजवळ नव्हतंच, त्यांच्यात आजार जास्त होता. यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली विल्स यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कातल्या अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हटलं गेलं. तेच पुढे फॉलेट ठरलं.

त्यातला एक तपशील आपल्या विषयाला थेट भिडतो. पर्निशियस ॲनिमियावर चालणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या बायकांना लागू पडला नाही, कच्चा अर्क मात्र पडला. दिसायला सारख्या असलेल्या दोन आजारांमागे दोन वेगळे घटक आहेत, हे त्यातून उघड झालं. परळ-लालबागच्या चाळींतल्या त्या बायकांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. आज जगभर गरोदरपणात दिली जाणारी फॉलिक ॲसिडची गोळी त्यांच्या आजारपणातून आली, याची जाणीव ठेवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पुण्याच्या अभ्यासाचं नाव बऱ्याचदा ऐकतो. त्यात काय दिसलं?

केईएम रुग्णालय, पुणे येथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत हा अभ्यास सुरू केला. गरोदर स्त्रियांचं पोषण मोजायचं आणि पुढे त्यांच्या मुलांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं, असं त्याचं स्वरूप होतं. निम्म्याहून जास्त मातांमध्ये बी१२ कमी होतं. फॉलेटची कमतरता मात्र क्वचितच होती.

मुलं सहा वर्षांची झाल्यावर असं आढळलं की गरोदरपणात आईचं फॉलेट जास्त आणि बी१२ कमी होतं, अशा मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. ही प्रवृत्ती पुढे मधुमेहाकडे नेऊ शकते. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. हा परस्परसंबंध आहे. एकामुळेच दुसरं घडतं याचा हा पुरावा होत नाही. तरी दोन जीवनसत्त्वांचा तोल बिघडण्याचा परिणाम पुढच्या पिढीपर्यंत जाऊ शकतो ही शक्यता त्यातून समोर आली, आणि तीही आपल्याच गावांतून.

मी गरोदर आहे. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत फॉलिक ॲसिड असतं. ती थांबवू का?

नाही, अजिबात थांबवू नका. या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्या आतच. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेच्या पहिल्या चार आठवड्यांत बंद होते. तिला फॉलेट लागतंच, म्हणून दिवस राहण्याआधीपासून ते घ्यायला सांगतात. तुम्ही शाकाहारी असाल तर डॉक्टरांकडे बी१२ तपासण्याचा विषय स्वतःहून काढा. फॉलिक ॲसिड चालू ठेवायचं आणि बी१२ची जोड द्यायची, हा त्यावरचा मार्ग आहे.

हिमोग्लोबिन कमी आहे, पण एमसीव्ही नॉर्मल आहे. म्हणजे बी१२ ठीक असणार ना?

असं गृहीत धरू नका. एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, साधारण ८० ते १०० नॉर्मल. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी१२ किंवा फॉलेट कमी असेल तर मोठ्या. दोन्ही एकाच वेळी कमी असतील तर काही पेशी लहान, काही मोठ्या आणि सरासरी ८६ किंवा ८८, अगदी ‘नॉर्मल’. आपल्याकडच्या बायकांमध्ये हे चित्र नेहमीचं आहे.

अशा वेळी त्याच रिपोर्टमधली आरडीडब्ल्यूची ओळ बघा. पेशींच्या आकारात किती फरक आहे ते ती सांगते. एमसीव्ही नॉर्मल आणि आरडीडब्ल्यू वाढलेला असेल, तर डॉक्टरांना रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याबद्दल आणि लोह व बी१२ दोन्ही तपासण्याबद्दल विचारा.

बी१२ची पातळी काठावर आली आहे. पुढे काय तपासायचं?

साधारणपणे २०० पिकोग्रॅम प्रति मिलीच्या खाली म्हणजे कमतरता, आणि २०० ते ३०० म्हणजे काठावर. काठावर असाल तर होमोसिस्टीन आणि मिथाइलमेलॉनिक ॲसिड या दोन तपासण्या उलगडा करतात. होमोसिस्टीन बी१२, फॉलेट आणि बी६ यातलं काहीही कमी असलं तरी वाढतं. मिथाइलमेलॉनिक ॲसिड फॉलेटच्या कमतरतेत वाढत नाही, बी१२च्या कमतरतेत वाढतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर दोन्ही आकडे तसेही चढे येतात, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

बी१२ची इंजेक्शनं सुरू झाल्यावर लोह कमी आलं. इंजेक्शन बाधलं का?

नाही. अडलेली अस्थिमज्जा एकदम जोमाने कामाला लागली की नव्या पेशींसाठी लोह झपाट्याने खर्ची पडतं. आधीच तुटपुंजा असलेला साठा मग उघडा पडतो. पांडुरोग फार तीव्र असेल तर पोटॅशियमही खाली येऊ शकतं. म्हणून अशा रुग्णावर सुरुवातीचे दिवस डॉक्टरांची नजर हवी. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून ‘ताकदीचं इंजेक्शन’ टोचून घेणं योग्य नाही, त्याचं हेही एक कारण आहे.

सारखं तोंड येतं, ओठांचे कोपरे चिरतात. कुठलं जीवनसत्त्व कमी असेल?

बी२, बी६, नायसिन (बी३), फॉलेट, बी१२, शिवाय लोह, यातलं कुठलंही. इतक्या जणांचं लक्षण एकच असण्याचं एक कारण ते एकमेकांवर अवलंबून आहेत, हे आहे. बी६ला त्याच्या कामाच्या रूपात आणणाऱ्या विकराला बी२ लागतं. फॉलेटला मिथाइल रूपात नेणाऱ्या विकरालाही बी२च लागतं. आणि नायसिन शरीर स्वतःही ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनवतं, साधारण ६० मिलिग्रॅमपासून १ मिलिग्रॅम, पण त्या वाटेवर बी२ आणि बी६ दोन्ही हवेत. बी२ कमी पडलं की मागची सगळी रांग खोळंबते.

दख्खनच्या पठाराला याचा कटू अनुभव आहे. जिथे गरीब माणसं जवळजवळ निव्वळ ज्वारीवर राहत, तिथे नायसिनच्या कमतरतेचा पेलाग्रा हा आजार दिसे. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलायची, जुलाब लागायचे, डोकं भ्रमिष्ट व्हायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी ज्वारीतल्या ल्यूसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. त्या तर्कावर पुढे मतभेद झाले. ज्वारी आपण आजही आवडीने खातो आणि खायलाच हवी. घात केला तो भाकरीसोबत डाळ, दूध, भाजी न मिळण्याने.

लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही. का?

आधी रक्तस्राव, जंत, थॅलेसेमियासारखी कारणं डॉक्टरांनी तपासायला हवीत. जीवनसत्त्वांपुरतं बोलायचं तर दोन नावं समोर येतात.

पहिलं सी. धान्य-भाजीतलं लोह ज्या रूपात असतं ते आतड्याला सहज घेता येत नाही. सी ते रूप बदलून शोषण वाढवतं. पोह्यांवर पिळलेलं लिंबू आणि मोड आलेल्या मटकीच्या उसळीवरचं लिंबू इथे खरंच उपयोगी आहे. त्याच पोह्यांबरोबर चहा घेतला की त्यातली टॅनिन्स उलट काम करतात. तासभर तरी अंतर ठेवा.

दुसरं ए, आणि ते बऱ्याचदा विसरलं जातं. ए कमी असेल तर यकृतात साठलेलं लोह बाहेर निघून अस्थिमज्जेपर्यंत नीट पोहोचत नाही. आणि स्वतः ए जीवनसत्त्वाला यकृतातून बाहेर वाहून नेणारं प्रथिन बनवायला जस्त लागतं. त्यामुळे जस्त फार कमी असेल तर यकृतात ए असूनही रातांधळेपणा येऊ शकतो.

डी जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पाऊच घेतली, तरी पातळी वाढत नाही.

पाऊच उपाशीपोटी घेतली होती का ते आधी बघा. डी तेलातुपात विरघळतं, जेवणासोबत घेतलं तर चांगलं शोषलं जातं. दुसरं म्हणजे मॅग्नेशियम. यकृतात आणि मूत्रपिंडात डी जीवनसत्त्वाचं रूप बदलणाऱ्या विकरांना ते लागतं. तीळ, शेंगदाणे, नाचणी, बाजरी, डाळी, पालेभाज्या हे त्याचे आपल्या घरातलेच स्रोत. आहारात कॅल्शियम फार कमी असेल तर डी लवकर खर्चही होतं.

स्वतःच्या मनाने आणखी पाऊच घेऊ नका. डी जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडाला इजा होते.

ए, डी, ई आणि के चारही एकदम कमी आली आहेत.

मग नुसत्या आहाराकडे बोट दाखवून भागणार नाही. ही चारही स्निग्ध पदार्थांसोबत शोषली जातात. पित्ताचा प्रवाह, स्वादुपिंड किंवा आतड्याचं अस्तर यातलं काही बिघडलं की चौघंही एकत्र घसरतात. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं होत असेल तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.

त्यापेक्षा सगळ्यांची एकच मल्टीव्हिटामिन गोळी घेतली तर?

साध्या मात्रेची गोळी सहसा नुकसान करत नाही. भीती आहे ती मोठ्या मात्रेची. ई जास्त प्रमाणात घेतलं तर के जीवनसत्त्वाच्या रक्त गोठवण्याच्या कामात अडथळा येतो. वॉरफरिनसारखी रक्त गोठू न देणारी औषधं चालू असलेल्यांनी ते स्वतःहून घेऊच नये. कोविडच्या काळापासून अनेक घरांत जस्ताच्या गोळ्या सवयीच्या झाल्या. मोठ्या मात्रेत जस्त महिनोन्‌महिने घेतलं तर तांबं शोषलं जात नाही, आणि तांब्याच्या कमतरतेत पांडुरोग व पायांचा बधिरपणा हे हुबेहूब बी१२च्या कमतरतेसारखं चित्र उभं राहतं.

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. ताटात काय असावं?

बी१२ नैसर्गिकरीत्या प्राणिजन्य अन्नातच भरवशाने मिळतं, म्हणजे शाकाहारी घरात दूध, दही, ताक, पनीर. मोठ्या पेलाभर दुधातून साधारण १ मायक्रोग्रॅम मिळतं. रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅमची. चहातल्या दुधावर ती भागत नाही. इडलीच्या आंबवण्यावर किंवा स्पिरुलिनावर विसंबू नका. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी शरीराला न चालणारं रूप. दूधही न घेणाऱ्यांना गोळी लागतेच.

फॉलेट मेथी, पालक, चवळी, हरभरा, मूग यांतून येतं. ते पाण्यात उतरतं आणि फार शिजवलं की नासतं. भाजी उकडून पाणी ओतून देऊ नका. पुरणाची डाळ शिजल्यावर काढलेल्या कटाची आमटी करण्याची आपली रीत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे.

कुठल्या औषधांमुळे असा तोल बिघडतो?

मधुमेहावरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ कमी होऊ शकतं. अशा माणसाच्या पायांच्या मुंग्या ‘साखरेमुळेच’ असं म्हणून सोडून दिल्या जातात. म्हणून वर्षातून एकदा बी१२ बघावं. ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांनाही हेच लागू. टीबीवरच्या आयसोनियाझिडमुळे बी६ घटतं, त्यासाठी सोबत बी६ची गोळी देतात. ती गाळू नका. दारूने बी१ आणि फॉलेट दोन्ही उतरतात. यातलं कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला याचा त्रास होऊ शकतो का?

होतो. आईचं बी१२ कमी असेल तर दुधातूनही कमीच जातं. वरवर गुटगुटीत दिसणारं बाळ सहा महिन्यांनंतर मलूल होतं, आईकडे बघून हसेनासं होतं, मान धरायचं किंवा बसायचं शिकलेलं विसरतं. कातडी, विशेषतः बोटांच्या पेरांवर, काळवंडते, केस विरळ होतात आणि काही बाळांचे हात-पाय थरथरतात. आईने गरोदरपणी फॉलिक ॲसिड घेतलेलं असेल तर तिचं स्वतःचं हिमोग्लोबिन बरं असू शकतं आणि कोणाला शंका येत नाही. शिकलेलं विसरणाऱ्या बाळाला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि बाळासोबत आईचंही बी१२ तपासायला सांगा. वेळेवर उपचार सुरू झाले तर मलूल बाळ थोड्याच दिवसांत पुन्हा नजर देऊ लागतं. उशीर झाला तर वाढीतली उणीव मागे राहू शकते.